डेडस्टॉकमधली मेंढरं

७ जानेवारी २०१३

चेअरमन सुंदरराव साहेब क्युबाचा अभ्यासदौरा आटोपून परत आले. सोबत सहा संचालक होते. तिकडचा ऊस कसा आहे म्हणून विचारलं तर पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि सहावा म्हणाला, "हवा लई चांगली हाय." साहेबांनी मात्र खरोखर अभ्यास केला होता. बैठकीत त्यांनी सांगितलं, "तिथं साखर कारखान्याची बेसबॉलची टीम असती. टीम जोरात, तर साखर जोरात. आपल्याकडं साखर कावून न्हाई? टीम न्हाई म्हणून."

कुणी हसलं नाही. चौदा वर्षं सहकारात काढलेला माणूस अशा वेळी हसत नसतो, वहीत लिहून घेतो. मीही लिहून घेतलं.

मी या कारखान्याचा ऊस विकास अधिकारी. यंदा पाऊसच नसल्यामुळे कार्यक्षेत्रात विकास करण्याजोगा ऊस उरलेला नाही. हंगाम एकोणीस दिवसांत संपला. तेव्हा रिकामा माणूस म्हणून टीमचा मॅनेजर मलाच केलं. अंजना म्हणाली, "अहो, तुम्हाला चेंडू झेलता तरी येतो का?" बायकोला प्रशासन कळत नाही. मॅनेजरनं झेलायचं नसतं.

नव्या जबाबदारीची नोंद राहावी म्हणून आजपासून ही डायरी.

१५ जानेवारी

मैदान ठरलं. ऊसगाड्यांच्या अड्ड्यावर यंदा गाड्याच नाहीत. चार बेस म्हणून भुसा भरलेली चार पोती टाकली. बॅटी वर्कशॉपमध्ये बाभळीच्या करून घेतल्या. चेंडू झेलायला बॉयलरवरचे जाड हातमोजे आणले. बॉयलर थंडच आहे, म्हणून बॉयलर अटेंडंट ज्ञानोबा यालाच चेंडू झेलायला बसवलं. मोजे त्याच्या हाताला सवयीचे आहेत. अंपायर म्हणून वजनकाट्यावरचे आश्रुबा. काट्यावरच्या माणसाचा निकाल कुणाला पटत नाही, पण ऐकून घ्यायची सवय सगळ्यांना आहे.

नियम मी स्वतः मराठीत उतरवून नोटीस बोर्डावर लावले. एकानं चेंडू फेकायचा, त्याला पिचर म्हणतात. दुसऱ्यानं बॅटीनं मारायचा. तीनदा हुकला की बाद. पिचरनं चारदा वाकडा टाकला तर मारणारा फुकटात पुढच्या पोत्यावर जातो. चारी पोती फिरून घरी आला की एक धाव.

अडचण एकच. आपल्यात सरळ फेकणारा कुणी नाही. आज चेंडू एकदा टाइम ऑफिसात गेला आणि दोनदा विहिरीत. विहिरीला पाणी नसल्यामुळे लगेच सापडला.

२२ जानेवारी

पिचर सापडला! शोध माझाच.

अड्ड्याच्या अर्ध्या भागात आता जनावरांची चारा छावणी सुरू झाली आहे. कोल्हापूरकडून वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ट्रक आला होता. तेवढ्यात कुंपणाबाहेरून एक मेंढी थेट ट्रककडे निघाली आणि तिच्यामागं अख्खा कळप. मेंढरांचा मालक शंभर पावलांवर कारखान्याच्या चिमणीच्या सावलीत बसलेला. तो उठलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून त्यानं एक खडा फेकला आणि तो मेंढीच्या नाकापुढं वीतभर अंतरावर पडला. मेंढी वळली. कळप वळला.

मी धावत गेलो. "परत एकदा मार बघू."

"कावून? आता सरळ चालली हाय ना ती."

त्याचं नाव म्हाळू. धर्मापुरीकडचा. सोबत म्हातारी आई, साखराबाई. त्याला मैदानात आणून हातात चेंडू दिला. त्यानं दहा चेंडू टाकले. ज्ञानोबाला हात जागचा हलवावा लागला नाही. "सायेब, मी डोळं मिटून बसलो तरी चालंल," तो म्हणाला आणि खरंच डोळे मिटून बसला.

मी म्हाळूला रोजंदारीवर घेतो म्हणालो. त्याला नको. "मला पगार नगं सायेब. मेंढरं तेवढी छावणीत घ्या. बेचाळीस हायेत. पाऊस पडंस्तोवर जगली पायजेत, बस."

छावणीत फक्त मोठी जनावरं घ्यायची असा सरकारी आदेश आहे. तसं सांगितलं तर साखराबाई म्हणाली, "आमची बी मोठीच हायेत बापा. उन्हानं आटल्यात."

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर साहेबांपुढं विषय मांडला. त्यांनी आदेश वाचून मान हलवली. मेंढरू म्हणजे मोठं जनावर नव्हे. तिथं माझं डोकं चाललं. मी म्हणालो, "साहेब, जनावर म्हणून घेऊच नका. पिचरचा सराव मेंढरांवर होतो. म्हणजे ते क्रीडासाहित्य झालं."

साहेबांनी आदेशाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "सुग्रीव, तू लई पुढं जाणार."

आजच कारखान्याच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घेतली. लोखंडी कपाट दोन, टेबलफॅन एक, त्याखाली मेंढरं बेचाळीस. प्रत्येकीच्या कानाला नंबराचा बिल्ला. साहेबांची तोंडी अट एवढीच, म्हाळू जिंकतोय तोवर साहित्य आत. रजिस्टरवर म्हाळूचा अंगठा घेतला. तो विचारत होता, "हे कशाचं?" मी म्हणालो, "मेंढरांच्या खाण्याचं." यात खोटं काहीच नव्हतं.

३ फेब्रुवारी

आपली टीम निघाली म्हटल्यावर आसपासच्या संस्था गप्प बसतील कशा! दूध संघाला दूध नाही, सूतगिरणीला कापूस नाही, पतसंस्थेकडं कुणी फिरकत नाही. माणसं सगळीकडेच रिकामी. सगळ्यांनी टीमा काढल्या. आज पतसंस्थेशी पहिला सामना.

म्हाळू चेंडू टाकण्याआधी बॅटरकडे बघून जिभेनं 'टुर्रर्र' करतो. मग चेंडू बॅटरच्या पोटावर येतोय असं वाटतं, बॅटर एक पाऊल मागं सरतो आणि चेंडू निवांत त्याच्या पुढून ज्ञानोबाच्या हातात जातो. आश्रुबा ओरडतात, "स्ट्राइक!" पतसंस्थेचे नऊ बॅटर तीन-तीनदा पाळी येऊन असेच गेले. बॅटीला चेंडू शिवला नाही. त्यांचा वसुली अधिकारी तर मागं सरत सरत छावणीत जाऊन एका म्हशीला टेकला.

सामना आपण जिंकला. माझं मार्गदर्शन कामी आलं.

१० फेब्रुवारी

सूतगिरणीवर विजय. फक्त एक चेंडू त्यांच्या फिटरच्या विजारीला चाटून गेला. नियमात बसतं, मी काही बोललो नाही. पण म्हाळूचं तोंड उतरलं. संध्याकाळी मायलेकांच्या पालाकडे गेलो तर चूल थंड. साखराबाई म्हणाली, "फेकलेलं अंगाला लागलं की आमच्यात त्या दिशी चूल पेटत न्हाई. दगूड वळवायला असतो बापा, मारायला न्हाई."

"पण तो फिटर होता, मेंढरू नव्हतं," मी म्हणालो.

"त्याला बी आई असंल की."

अशा अंधश्रद्धा खेळाडूच्या प्रकृतीला घातक आहेत. बिस्किटाचा पुडा पाठवला तो परत आला. त्यांना गोड आवडत नसावं.

२१ फेब्रुवारी

पेच. साहित्य क्रमांक सतरा व्याली. डेडस्टॉक वाढला कसा, हे तपासणीत विचारतील. खरेदीचा ठराव नाही, देणगीचं पत्र नाही. अखेर शेऱ्याच्या रकान्यात 'आपोआप' असं लिहिलं.

कोकरू काळंभोर आहे. म्हाळूनं माझ्या हातात दिलं. मी लगेच परत केलं, पण थोडा वेळ धरलं होतं.

९ मार्च

सलग आठवा विजय. आजवर एकालाही बॅट लावता आलेली नाही. पार अंबाजोगाईहून कॉलेजची पोरं बघायला येतात. गेवराईकडच्या एका संस्थेचा चेअरमन म्हाळूला पळवायला जीप घेऊन आला होता. म्हाळूनं विचारलं, "जीपमदी त्रेचाळीस मेंढरं बसतील का?" तो निघून गेला.

पतसंस्थेचा एक कारकून अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आला. दुखणं काही सापडत नाही, पण रस्त्यात कुणी 'टुर्रर्र' केलं की तो डावीकडे वळतो. मागच्या आठवड्यात असाच वळत वळत परळीला पोचला.

वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध साहेब, शेजारी मी. म्हाळूचा हात दिसतो.

२८ मार्च

म्हाळू ऑफिसात आला. खुर्चीवर बसला नाही, दारातच उकिडवा बसला. वाढं खाऊन मेंढरांची तोंडं सोलली आहेत. दोन मेली. त्याचे भावबंद मेंढरं घेऊन गंगेकाठाला उतरलेत, तिथं गोदावरीच्या पात्रात अजून हिरवं आहे. "आमी बी जातो सायेब. लई खेळलो."

मी त्याला समजावलं. तू जाऊ शकतोस, तू रोजंदारीवरसुद्धा नाहीस. पण साहित्य जागेवरून हलवायला संचालक मंडळाचा ठराव लागतो.

"कंचं साहित्य?"

"मेंढरं."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो खूप हसला. मीही हसलो, पण मी थट्टा करत नव्हतो. रात्री जेवताना अंजनाला हे सांगितलं तर तिनं ताटावरून उठून भांडी घासायला घेतली. भांडी आधीच घासलेली होती.

२० एप्रिल

उद्या दूध संघाबरोबर सहकार चषकाचा अंतिम सामना. आज साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. दूध संघाचे चेअरमन तिथंच चहा पीत होते. कारखान्याची आणि संघाची, दोन्ही निवडणुका बिनविरोध करायचं ठरलं आहे. इकडं साहेब, तिकडं ते. आता चषकही मानानं त्यांना जायला हवा. थोडक्यात, आपण हरायचं.

म्हाळूला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मला हारता येत न्हाई सायेब. चेंडू आपसूकच जातो."

"शिक," साहेब म्हणाले.

"आन् मेंढरं?"

"तुझीच हायेत की बे. सामना झाला की घेऊन जा."

मला फार बरं वाटलं. साहेब मनानं मोठा माणूस आहे.

२१ एप्रिल

असा सामना मी कधी पाहिला नाही.

बॅटरला मारू देणं म्हाळूला जमेना. तो मारायला सोपा चेंडू टाके, तरी बॅटर सवयीनं मागं सरे. मग त्यानं दुसरी वाट काढली. चारदा वाकडा टाकला की बॅटर फुकट पुढं जातो. त्यानं चार वाकडे टाकले. पहिला बॅटर पोत्यावर गेला. परत चार. दुसरा गेला, पहिला पुढं सरकला. अशी रांगच लागली. संध्याकाळी वाडग्याच्या दारातून मेंढरं आत सोडावीत तसा म्हाळू दूध संघाच्या एकेका माणसाला घरी सोडत होता. तोंडानं 'टुर्रर्र' चालूच. मागं रेंगाळणाऱ्यापुढं एखादा खडा टाकायचा, की तो नीट चालायला लागायचा. अंधार पडेस्तोवर दूध संघाच्या दोनशे चौदा धावा झाल्या. शेवटी त्यांचे चेअरमनच म्हणाले, "पुरं झालं, पोरं दमली."

चषक गेला. म्हाळू घामानं निथळत माझ्यापाशी आला. "हारलो सायेब. सकाळच्याला निघतो."

मी म्हणालो, शाब्बास.

२२ एप्रिल

सकाळी टेबलावर साहेबांच्या सहीचा कागद. 'टीम बरखास्त करण्यात येत आहे. क्रीडासाहित्य निर्लेखित करून दि. ३० रोजी जाहीर लिलाव करावा. तोवर साहित्य कुलपात ठेवावे. किल्ली ऊस विकास अधिकारी यांचेकडे राहील.'

मी बंगल्यावर गेलो. साहेब, मेंढरं त्याची आहेत म्हणालो. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि माझंच अक्षर मला दाखवलं. "हे कुणी लिवलं? आन् अंगठा कुणाचा? सुग्रीव, आता लिवलेलं खोडायचं म्हंजी गुन्हा हाय."

नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. नोंद तर निर्दोषच आहे, मीच केलेली.

छावणीच्या फाटकाला कुलूप घातलं. म्हाळू समोर उभा होता. मी त्याला सगळी कार्यपद्धती पहिल्यापासून समजावून सांगितली. साखराबाईनं एवढंच विचारलं, "लिलावात कोण येतंय बापा?"

खाटीक येणार, दुसरं कोण येणार. मी कुलूप नीट लागलंय का ते ओढून पाहिलं.

२६ एप्रिल

साखराबाई फाटकाशी बसून आहे. मेंढरं आतून तिच्याकडे तोंड करून उभी राहतात. वाढ्याला तोंड लावत नाहीत. आणखी एक मेलं. क्रमांक नऊ.

मी डबा नेतो आणि तसाच परत आणतो. अंजना माझ्याशी बोलत नाही. मी तिला म्हणालो, मी फक्त नोंद केली. ती म्हणाली, "तेच तर."

२९ एप्रिल

आज घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण चौकशी होईल.

सकाळी दहाला क्वार्टरमधून ऑफिसला निघालो. दहा पावलं गेलो असेन, माझ्या चपलेपुढं वीतभर अंतरावर चेंडू पडला. मी थांबलो. लांब चिमणीखाली म्हाळू उभा होता. मी डावीकडे वळलो, डावीकडे चेंडू पडला. उजवीकडे वळलो, तिकडे पडला नाही. अधिकाऱ्यानं रस्त्यात आरडाओरडा करणं शोभत नाही. शिवाय त्या बाजूला माझं काम असण्याची शक्यता होतीच. मी चालत राहिलो. वजनकाट्यापाशी आश्रुबा उभे होते, ते सवयीनं "स्ट्राइक!" म्हणाले. ज्ञानोबा माझ्यामागून चेंडू गोळा करून म्हाळूला परत फेकत होता. त्यानं असं करायला नको होतं. तो कारखान्याचा नोकर आहे.

अशा रीतीनं मी छावणीच्या फाटकाशी पोचलो. तिथं मी एकूण परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. डावीकडे चेंडू पडला, उजवीकडे पडला, मागं पडला. विचार पूर्ण झाला. मी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

हा निर्णय सर्वस्वी माझा होता. एकही चेंडू मला लागलेला नाही.

मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडली. काळ्या कोकराला चालवत नव्हतं, ते साखराबाईनं उचललं. म्हाळू जवळ आला, चेंडू माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे तुमचं सायेब." मग त्यांनी गंगेकाठाची वाट धरली. धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकात उभा होतो. मला कुणी चल म्हटलं असतं तर मीही गेलो असतो.

३० एप्रिल

खाटीक दोन टेम्पो घेऊन आले आणि चार बॅटी बघून परत गेले. मला निलंबित केलं. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा मागितला आहे. अंजनानं पिठलं-भाकरी केली. आठ दिवसांनी मी पोटभर जेवलो.

२ मे

काल संध्याकाळी साहेबांचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. खुलाशात एवढंच लिहायचं की म्हाळूनं धाकानं कुलूप उघडायला लावलं आणि कारखान्याची मेंढरं चोरून नेली. पुढचं फौजदार बघतील. मेंढरं जप्त होतील, म्हाळू आत जाईल आणि मी परवापासून कामावर. कागद साहेबांनी टाइप करून ठेवला आहे, मी बंगल्यावर जाऊन सही करायची.

विचार केला तर त्यात खोटं काय होतं? चेंडू पडले हे खरं. रजिस्टरला मेंढरं कारखान्याची, हेही खरं. रात्रभर असाच विचार केला. सकाळी अंजनानं विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हणालो, बघतो.

वजनकाट्याजवळ रस्ता फुटतो. डावीकडे बंगला, उजवीकडे ऑफिस, मागं घर. तिथं मी थांबलो. खाली मान घालून चपलेपुढची जमीन बघत उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. आश्रुबांनी काट्याच्या खोलीतून दोनदा डोकावून पाहिलं. ऊन वाढलं, डोक्यावर आलं. कुठूनही काही पडलं नाही. म्हाळू एव्हाना गंगेकाठाला पोचला असेल. मला रडू आलं, रस्त्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी.

मग मी ऑफिसात गेलो आणि आवक-जावकच्या टेबलावर उभ्या उभ्याच खुलासा लिहिला. एका ओळीत झाला. 'मेंढरे त्यांच्या मालकाला मी परत दिली आहेत.' सही करून पोच घेतली आणि घरी आलो.